गुरुवारचं गिऱ्हाईक

बाटलीचं बूच उडालं तेव्हा तो माझ्यासमोरून चालला होता. नुसता चालला होता... ना माझ्याकडे बघत होता, ना माझ्या बाटल्यांकडे.

डिचोलीचा बुधवारचा बाजार. मे महिन्याचं ऊन. सकाळपासून कोकम सरबताच्या बारा बाटल्या मांडून मी बसले होते आणि बाराच्या बारा तशाच उभ्या होत्या. माणसं येत होती, बघत होती, पुढे जात होती. आणि मग — फट्! कडेच्या बाटलीचं बूच हवेत गेलं आणि लालभडक फवारा समोरच्या पांढऱ्या शर्टावर, छातीपासून पार पोटापर्यंत.

"रगत गे रगत!" शेजारची भाजीवाली ओरडली.

"अगं बाई! माफ करा हं... माफ करा..." मी फडकं घेऊन धावले, आणि परक्या पुरुषाच्या छातीवर फडकं कसं फिरवायचं हे न कळून तशीच थांबले.

त्याने खाली शर्टाकडे पाहिलं. एका बोटाने तो लाल ओघळ टिपला आणि बोट जिभेवर टेकवलं.

"ग्वाड हाय," तो म्हणाला. "पर आंबलंय."

"आंबलेलं नाही!"

"मग बूच का उडालं? साखर कमी घातलासा न्हवं?"

मला राग आला, कारण ते खरं होतं. साखर वाचवायची म्हणून मी बरणीत दोन वाट्या कमी घातल्या होत्या. पण हे या सावळ्या, उंच, मिशीत हसणाऱ्या माणसाला कुणी सांगितलं?

"शर्ट द्या. धुऊन देते," मी तोऱ्यात म्हटलं.

"हितं? भर बाजारात?" त्याने इकडेतिकडे पाहिलं. "आन् मी काय, तुमचं फडकं गुंडाळून जाऊ?"

भाजीवाली खो-खो हसली. माझे कान तापले.

"कुठलं गाव तुमचं?" त्याने विचारलं.

"पेडणे."

"मग झालंच की. मी मालप्याला असतो. रेल्वेच्या बोगद्याचं काम चाललंय न्हवं, तिथं. सुटे भाग न्यायला आलतो हिकडं. उद्या पेडण्याचा बाजार, आमची सुट्टी... शर्ट घिऊन येतो."

आणि छातीवरचा तो लाल डाग मिरवत तो गर्दीत निघून गेला.

येणार नाही, असंच मला वाटलं होतं. माझ्याकडे येतो म्हणून येणारं तेव्हा कोण होतं?

मी सुमंगला. वय एकतीस. गोवा राज्य झाल्याला पाच वर्षं झाली होती आणि मला शाळेतून काढल्याला एक. काढलं असंही म्हणता येत नाही. सहा वर्षं मी रजेवरच्या बाईंच्या जागी शिकवत होते, कधी या शाळेत, कधी त्या. मग त्या जागा भरल्या आणि मी घरी. आई दोन वर्षांपूर्वी गेली होती. थोरला भाऊ, रामचंद्रदादा, वास्कोला बंदरावर नोकरीला. तो आणि वहिनी सारखे म्हणत, इकडे ये, मुलांना बघ, घरात हात लागेल. ते चुकीचं नव्हतं. पण तिथे माझी म्हणून एक खुर्चीसुद्धा नसती, हे मला ठाऊक होतं. म्हणून पेडण्याच्या बसस्टँडमागची भाड्याची खोली मी सोडली नाही. आईने शिकवलेलं कोकम सरबत करायला घेतलं. शेजारची मालतीवहिनी भिरंडं, म्हणजे कोकमाची ताजी फळं, फोडायला मदत करायची. बाकी दिवसभर बोलायला ती, आणि संध्याकाळी भिंती.

गुरुवारी तो आला. अंगात निळा शर्ट आणि हातात कागदात गुंडाळलेला तो पांढरा.

"घ्या," तो म्हणाला. "आनंदा माझं नाव. तुमचं?"

मी सांगितलं.

"सुमंगला." त्याने ते नाव हळूहळू उच्चारलं, जड वस्तू जपून खाली ठेवावी तसं. "मास्तरीनबाई होतासा का कधी?"

"कशावरून?"

"गिऱ्हाईक आलं की त्याचं गणित चुकल्यासारखं बघता."

मी हसू दाबलं. शर्ट घेतला. घरी नेऊन लिंबू चोळलं, साबण लावला, उन्हात टाकला. लाल डाग गेला आणि त्या जागी जांभळा आला. पुढच्या गुरुवारी तो जांभळा डाग मी घडी करून त्याच्या हातात दिला.

"गेला न्हाई?"

"नाही..."

"मग बगा की परत. मला घाई न्हाई."

असे तीन गुरुवार त्या शर्टाने येणं-जाणं केलं. चौथ्या गुरुवारी तो पांढरा शर्ट न घेताच आला. कारण मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही.

तो कोल्हापूरकडचा, गडहिंग्लजजवळच्या एका खेड्यातला. बोगद्यात हवा दाबून सोडणारी मोठी यंत्रं असतात, ती तो दुरुस्त करायचा. आमच्याकडे कारागिराला मेस्त म्हणतात, म्हणून मी त्याला मेस्त म्हणायला लागले. तो मला बाई म्हणायचा. माझ्या बोलण्यात मध्येच 'का'ऐवजी 'कित्याक' आलं की तो हसायचा आणि त्याच्या 'कशापायी'ला मी हसायचे. पण हसता हसता तो असं काही बोलून जायचा की मी घरी गेल्यावर ते वहीत लिहून ठेवायचे.

"गेल्या खेपेला तुमी त्या पिंपळाखाली होता. आज हितं. पुढल्या खेपेला कुठं?"

"जिथे जागा मिळेल तिथे."

"तसं न्हाई चालत, बाई. दर गुरुवारी एकाच जागी बसायचं. विक्री होऊ दे न्हाईतर न होऊ दे. गिऱ्हाईक आधी जागा ध्यानात ठेवतं, मग माणूस. आनि ज्या दिवशी तुमी जाग्यावर नसता न्हवं, त्याच दिवशी ते येतं."

मी देवळाकडे जाणाऱ्या पायऱ्यांच्या डाव्या कडेला बसायला लागले. पहाटेच उठून जागा धरायची. दर गुरुवारी तिथेच.

"आता सांगा... एक बाटली केवढ्याला?" त्याने एकदा विचारलं.

मी किंमत सांगितली.

"बघा! खाली बघून सांगितलासा. चोरी केल्यावानी. तुमी राबलाय त्याच्यामागं. वर्गात पाढे शिकवताना पोरांकडं बघत व्हता का फळ्याकडं?"

"पोरांकडे."

"मग माज्याकडं बगा. आन् परत सांगा."

मी मान वर केली. त्याच्या पापण्यांवर लोखंडाची बारीक धूळ बसलेली होती आणि आत तपकिरी डोळे, अगदी स्थिर... माझ्याकडे. एक क्षण. दोन.

"काय झालं?"

"...किंमत विसरले."

तो इतका मोठ्याने हसला की पायऱ्यांवरची कबुतरं उडाली. मी टोपलीतल्या बाटल्या उगाच इकडच्या तिकडे करत राहिले.

विक्री मात्र होत नव्हती. पेडण्याची बाई बाटली उचलायची, खाली ठेवायची आणि म्हणायची, "आमच्या परसांत भिरंडां कुसतात गे बाय, विकत कोण घेतलो?" हे मी आनंदाला सांगितलं तेव्हा त्याने एक बाटली उचलून हातात फिरवली.

"बरोबर हाय तिचं," तो म्हणाला. "ज्याच्या घरी झाड हाय त्याला फळ का विकता? जिथं झाड न्हाई तिथं जावा. आमच्याकडं बोगद्यावर दोनशे मानूस हाय. कोल्हापूरचा, बेळगावचा. कोकम म्हंजे काय ते ठावं न्हाई कुनाला. बाहेर पाऊस पडतो, आन् आत भट्टी. नुसता घाम."

"तिथे मी येऊ? पुरुषांत?"

"फाटकापाशी. मी असतो." मग जरा थांबून, नजर दुसरीकडे वळवून म्हणाला, "म्हंजे... लांब असतो. पर असतो."

त्याने आणखी तीन गोष्टी सांगितल्या. एक, घाम गाळणाऱ्याला गोड नको, मीठ-जिरं लागतं. तेव्हा त्यांच्यासाठी निराळं करा. दोन, अंदाजाने काही घालू नका, एक वाटी ठरवा आणि तीच वापरा, म्हणजे आजची चव उद्याही तीच लागेल. आणि तीन, पहिल्या दिवशी घोटभर फुकट द्या, पण घोटभरच. पेला भरून दिलात तर तहानच भागेल.

जुलैच्या एका दुपारी मालतीवहिनी आणि मी दोन मडकी घेऊन मालप्याला गेलो. छत्री वाऱ्याने उलटत होती. कामाची पाळी सुटली आणि चिखलाने माखलेली माणसं फाटकाबाहेर आली. पहिल्याने घोट घेतला, तोंड वाकडं केलं, मग डोळे मिटले.

"आरं, ह्ये काय हाय? परत द्या की बाई."

तासाभरात दोन्ही मडकी रिकामी. मी मान वर करून पाहिलं. लांब, यंत्राच्या पत्र्याच्या छपराखाली आनंदा चिंध्यांनी हात पुसत उभा होता. पुढे आला नाही. सोबत्यांनी चिडवलं असतं. त्याने फक्त भुवई उचलली... आणि मी भर पावसात वेड्यासारखी हसत सुटले.

त्यानंतर आठवड्यातून दोन दिवस मी मालप्याला जायला लागले. बाटल्यांना चिठ्ठी चिकटवायची ठरली तेव्हा गंमत झाली. ते दिवस असे, की चहाच्या टपरीवरही कोकणी की मराठी यावरून पेले आपटले जायचे. चिठ्ठी कुठल्या भाषेत लिहू, म्हणून मी दोन दिवस अडून बसले. आनंदाने पेन्सिल घेतली आणि लिहिलं, 'कोकम सरबत. पेडणे.'

"आता वाचा. कोकणी हाय का मराठी?"

"दोन्ही..."

"झालं तर मग. भांडाय कुनाला जागाच न्हाई."

श्रावणातल्या एका गुरुवारी पाऊस असा कोसळला की सगळा बाजार छपरांखाली गेला. आम्ही दोघं पायऱ्यांवर, माझ्या एका छत्रीखाली. त्याचा एक खांदा भिजत होता. तो आत सरकत नव्हता, आणि मीही सरका म्हणत नव्हते.

"मेस्त, तुम्हाला धंद्यातलं इतकं कसं कळतं?"

"बुडवलाय म्हनून," तो म्हणाला.

पावसाकडे बघत त्याने सांगितलं. सायकलचं दुकान होतं. हात चांगला, दुकान भरभर चाललं. वर्षात दुसरं काढलं, मग तिसरं. "दुकानं तीन, हात दोनच," तो म्हणाला. "कुनी आलं की म्हनायचो, शुक्रवारी देतो. शुक्रवार यायचा, सायकल तशीच. न्हाई म्हनायला जमायचंच न्हाई मला. वाटायचं, मानूस दुखावंल. पर गिऱ्हाईक भांडून जात न्हाई, बाई. गुमान जातं. येक दिवस मान वर करून बगितलं, तर गर्दी समोरच्या दुकानात."

"मग?"

"मग काय. लग्न ठरलं व्हतं, तेबी मोडलं. तिचा बा म्हनला, शब्द पाळत न्हाई असल्याला पोरगी द्यायची न्हाई. खरंच बोलला. आठ वर्सं झाली, गावाकडं गेलो न्हाई."

आठ वर्षं. मला वाटलं होतं, या माणसाच्या मागे मोठं गोकुळ असेल, इतका हसतो! माझा हात छत्रीच्या दांड्यावर होता. त्याने दांडा धरला, त्याची बोटं माझ्या बोटांना लागली, आणि पाऊस थांबेपर्यंत दोघांपैकी कुणीच हात काढला नाही. पाऊस थांबला तेव्हा मात्र दोघांनी एकदमच काढला.

चतुर्थी झाली. ऑक्टोबरात मांद्र्याच्या पार्वतीबाय माझ्याकडे आल्या. समुद्राजवळ त्यांचं पाहुण्यांना उतरायचं घर होतं. विदेशी पाहुणे यायला लागले होते. त्यांनी सरबत चाखलं आणि म्हणाल्या, "डिसेंबराक दोनशें बाटल्यो जाय. जातल्यो?"

त्यांना दोनशे हव्या होत्या, आणि माझ्याकडे मे महिन्यातल्या कोकमाच्या नव्वद बाटल्या उरल्या होत्या. भिरंडं पुन्हा येणार ती एप्रिलात.

"होतील!" मी म्हणाले.

गुरुवारी हे मी नाचतच आनंदाला सांगितलं. त्याचा चेहरा उतरला.

"बाकीच्या कशाच्या करणार?"

"सुकलेल्या सोलांच्या, आमसुलांच्या. भिजवून."

"चव तीच येईल?"

"जवळपास..."

"मग न्हाई म्हना, बाई. आजच जाऊन सांगा. नव्वद हाईत तर नव्वदच."

"पहिली मोठी मागणी आहे ही! वर्षभर मी हिची वाट बघितली. रामचंद्रदादा आला की काय दाखवू मी त्याला?"

"खोटी बाटली दाखवण्यापरास रिकामा हात दाखवा."

तो ते शांतपणे बोलला, आणि त्या शांतपणानेच मी भडकले.

"तुमचं बुडालं म्हणून सगळ्यांचंच बुडतं असं नाही!"

शब्द सुटला. आनंदा उठला. पँटीवरची धूळ झटकली.

"बरं," एवढंच म्हणाला. "येतो मी."

पुढच्या गुरुवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही.

मी सोलं भिजवली, गाळली, माझ्या ठरलेल्या वाटीने साखर घातली. रंग तपकिरी आला. चव... जवळपास. मालतीवहिनीने घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. उरलेलं तिने प्यायलं नाही, त्यातच मला सगळं कळलं. दुसऱ्या दिवशी पहिली बस धरून मी मांद्र्याला गेले आणि पार्वतीबायना सांगितलं, माझ्याकडे फक्त नव्वद आहेत.

"मागीर तेन्ना हय कित्याक म्हळें?" तेव्हा हो का म्हटलंस म्हणून त्या चिडल्या. बराच वेळ बडबडल्या. मी उभी राहून ऐकून घेतलं. शेवटी त्या म्हणाल्या, "नव्वद हाड तर. आनी पुढल्या वर्साचें आतांच सांगून दवरतां. फट मारली ना तुवें, तें बरें केलें."

परतताना बसमध्ये माझे पाय नाचत होते. त्याला सांगायचं होतं. सगळं... त्या कशा चिडल्या, मी खोटं बोलले नाही म्हणून कशा निवळल्या, पुढल्या वर्षाची मागणी आत्ताच कशी दिली, मी मान खाली न घालता कशी बोलले. पेडण्याला न उतरता मी थेट मालप्याला गेले. फाटकापाशी एक बेळगावचा माणूस भेटला. माझं सरबत घेणारा.

"आनंदा? त्याची बदली झाली की, बाई. काणकोणाकडं. आठ दिवस झाले."

"काही... निरोप?"

त्याने नाही म्हणून मान हलवली.

मी परत आले. खोलीत सामान तिथल्या तिथे होतं. मला मात्र कुठे बसावं हे सुचेना. एकटी तर मी आधीही होतेच, पण तेव्हा सवय होती. आता आठवड्याला एक गुरुवार यायचा आणि मी पायऱ्यांच्या डाव्या कडेला बसायचे. आमसुलाच्या म्हणून सांगूनच बाटल्या विकायचे, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघून किंमत सांगायचे, आणि उंच, सावळा कुणी गर्दीतून येताना दिसला की हातातलं सुटं नाणं खाली पडायचं. तो नसायचा.

पत्र लिहायला तीनदा बसले. 'मेस्त' लिहावं की 'आनंदा', इथेच अडले. खरं तर तिथे अडले नव्हते. माफी मागायला शब्द होते. पण त्यापुढचं जे लिहायचं होतं, त्याला उत्तर आलं नाही तर? तो आपण होऊन गेला. निरोपही न ठेवता. माझा मान मी सांभाळून ठेवला, आणि डिसेंबर गेला, जानेवारीही गेला.

फेब्रुवारीत रामचंद्रदादा आला. त्याने फोंड्याला एक स्थळ पाहिलं होतं. सरकारी नोकरीतला माणूस, पत्नी वारलेली. "सुमंगल, एकदां पळय तरी," एकदा बघ म्हणून दादाने गळ घातली. त्याच्या आवाजात काळजी होती, म्हणून मला नाही म्हणवेना. फोंड्याजवळच्या एका देवळाच्या आवारात आम्ही भेटलो. माणूस वाईट नव्हता. वहिनींनी दादाबरोबर पाठवलेली जास्वंद माझ्या केसांत होती आणि तो माझ्या हातांकडे बघत होता.

"बोटं लाल कशाने झाली?"

"कोकमाने. माझा सरबताचा धंदा आहे."

"अच्छा." तो समजूतदारपणे हसला. "लग्नानंतर ते करायची काही गरज पडणार नाही."

"आणि मला करायचं असेल तर?"

"बाजारात बसायचं?" त्याला खरोखरच कळत नव्हतं.

मी त्याला नमस्कार केला, दादाला बाजूला घेतलं आणि सांगितलं की हे व्हायचं नाही. दादा रागावला. मग म्हणाला, "तुजें तें सरबत म्हज्या हापिसांत सगळे मागतात," आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून बस धरायला गेला.

मी देवळाच्या तळ्याकाठी बसून राहिले, आणि मनातल्या मनात बोलत होते... 'मेस्त, ऐकलंत का, तो म्हणाला गरज पडणार नाही! मी काय गरज म्हणून करते?' आणि मेस्त हसत होता. बोलता बोलता मी थबकले. चार महिने मी हेच तर करत होते. मालतीवहिनी रुसली तरी, दारावर पाव घेऊन येणारा पोदेर बाटली मागायला लागला तरी, चुलीवर साखर करपली तरी... सगळं त्यालाच सांगत होते. तो ऐकायला नसताना.

दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे मी पेडण्याहून निघाले. म्हापसा, पणजी, मडगाव, काणकोण. चार बस. कामाच्या जागी पोचले तेव्हा दुपार झाली होती. पत्र्याच्या शेडमध्ये एक यंत्र उघडं पडलं होतं आणि त्याच्याखालून दोन पाय बाहेर आलेले.

"मेस्त."

पाय हलायचे थांबले. तो बाहेर आला. गालावर ग्रीस, मिशी वाढलेली, वाळलेला.

"बाई? तुमी... हितं? काय झालं? बाटल्या...?"

"बाटल्या ठीक आहेत. नव्वदच दिल्या. सांगून दिल्या."

त्याचा चेहरा हळूहळू उजळला. "खरं?"

"खरं. आणि त्या दिवशी मी बोलले ते... तसं बोलायला नको होतं."

"खरंच तर बोललासा."

"म्हणून निघून गेलात? निरोपसुद्धा न ठेवता?"

तो हातातला पाना उलटासुलटा करत राहिला. "बदली मी मागून घेतली," तो म्हणाला. "दर गुरुवारी येताना वाटायचं... आज इचारावं. मग वाटायचं, हिचं आता कुठं उभं राहतंय. आन् मी बुडालेला मानूस, हात मागायला गेलो तर ही म्हनंल, माझं चालायला लागलं म्हनून आला. तुमी त्या दिवशी बोललासा, तवा वाटलं... बरं झालं इचारलं न्हाई."

"विचारा."

"आँ?"

"आत्ता विचारा. चार बस बदलून आलेय मी, आनंदा."

त्याचं नाव मी पहिल्यांदा घेतलं. पाना त्याच्या हातातून निसटून जमिनीवर ठणकला. तो माझ्याकडे बघत राहिला, त्याच स्थिर, तपकिरी डोळ्यांनी. शेडच्या दुसऱ्या टोकाला माणसं जेवायला बसली होती, तीही जेवायची थांबली. आनंदाने त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि कसाबसा म्हणाला, "मडगावपर्यंत सोडाय येतो."

मी पिशवी खांद्यावर घेतली. हो म्हणाला असता, नाही म्हणाला असता... मडगावपर्यंत सोडायला येतो, हे काय उत्तर झालं? त्याने साहेबाला सांगितलं, हात धुतले, शर्ट बदलला. मडगावपर्यंत आम्ही शेजारी बसून आलो. खिडकीतून माड मागे जात होते.

मडगावला उतरलो. मी पणजीच्या बसकडे वळले.

"पणजीपर्यंत येतो," तो मागून म्हणाला.

पणजीला म्हणाला, "म्हापसा काय लांब न्हाई."

म्हापशाला पोचलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. पेडण्याची बस लागलेली होती, निम्मी भरलेली. तो दाराशी थांबला. एक पाय पायरीवर, एक खाली.

"परवा कामावर हजर व्हायचंय," तो म्हणाला. "पाऊस लागला की तिथलं उघड्यावरचं काम बंद हुतं. मग सुट्टी. मग... हिशेब करून, नोकरी सोडून..." तो अडखळला. "म्हंजे तुमाला चालत असंल तर. पेडण्यात सायकलचं एकबी दुकान धड न्हाई. छोटंच काढीन. एकच. तुमच्या सरबतात मी हात घालनार न्हाई."

"मला भागीदार नकोच आहे," मी म्हणाले. "भागीदार शोधायला मी काणकोणला आले नव्हते."

"मग?"

कंडक्टरने घंटी वाजवली. "चला चला, खंय वता?"

आनंदा पायरीवरच अडकलेला. मी पिशवीतून पैसे काढले, कंडक्टरच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "दोन. पेडणे."

कंडक्टरने दोन तिकिटं फाडली. आनंदा दुसरा पाय उचलून आत आला, माझ्या शेजारी बसला, आणि कोलवाळचा पूल येईपर्यंत ते तिकीट हातात धरून नुसतं बघत राहिला. पुलावर वारा लागला. त्याने तिकीट जपून खिशात घातलं आणि मोकळा झालेला हात माझ्या लाल बोटांवर ठेवला.

"सुमंगला," तो म्हणाला, "घरी भाकरीचं पीठ हाय का? सकाळपासून जेवलो न्हाई."

"नाही," मी म्हणाले. "तांदूळ आहे. पेज करीन."

"चालंल," तो म्हणाला.